डाव्या गालाचा पंचनामा

कापड दुकानदाराला तुम्ही काहीही म्हणा. चिकट म्हणा, लबाड म्हणा, दुकानात उभं राहून ‘यांच्याकडचा रंग जातो हं’ असं दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवा. आम्ही हसतो आणि पुढचा तागा उलगडतो. पण ‘तुम्हाला मालातलं काही कळत नाही’ हे एवढं एकच वाक्य आमच्या काळजाला लागतं. हुबळीच्या दाजीबानपेठेत माझं अस्तर आणि फॉलचं दुकान आहे. साडीसाठी बायका अख्खी पेठ पालथी घालतात, पण तिला जुळणारा फॉल हवा असला की गुपचूप माझ्या पायरीला येतात. कपाटामागच्या अंधारातसुद्धा मी राणी आणि गुलबक्षी यांतला फरक सांगतो. आणि असं असूनही ते वाक्य मला ऐकवलं गेलं. ऐकवणारी होती माझी सख्खी बायको वत्सला, आणि कारण काय, तर अंगठ्याएवढी एक डबी.

डबीच्या आधी घराचं सांगतो, कारण खरा जीव तिथं अडकला होता. आम्ही दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहायचो. त्या दिवसांत आमच्या भागात नळाला आठवड्यातनं एकदा पाणी यायचं, आणि तेही सांगून यायचं नाही. वत्सलेचं सगळं लग्नाचं आयुष्य घागरी, पिंप आणि बादल्या भरण्यात गेलं. माहेरच्या कार्याची पत्रिका आली तर ती मुहूर्त वाचायच्या आधी ‘त्या दिवशी नळ आहे का’ हे बघायची. सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणाला ती गेली नाही, कारण नळ आला होता. शेवटी कसंबसं करून आम्ही गावाकडेच्या उणकलला एक साइट, म्हणजे घरापुरता प्लॉट, घेतली. तिथं आपलं घर होणार, बोअर होणार, नळाची वाट बघणं संपणार, म्हणून वत्सला कॅलेंडर बघत दिवस काढत होती. सत्याप्पा मेस्त्रीनं काम धरलं, पण त्याची अट होती. अक्षय तृतीयेला पायाचा पहिला दगड बसला तर काम तुमचं. नाहीतर तो माणसं घेऊन गोव्याला जाणार आणि दिवाळीनंतर तोंड दाखवणार. भटजींनीही पत्रिका बघून तेच सांगितलं, की ही तिथी चुकली तर पुढचं वर्ष धरा. वत्सला मला म्हणाली, ‘‘एवढं एक होऊ दे, मी पुन्हा काही मागणार नाही.’’ तिनं आधीही कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मी जास्तच घाबरलो.

आता डबी. भूमिपूजनाला फोटोग्राफर सांगितला होता. फोटोत तोंड बरं दिसावं म्हणून वत्सला खाली हेमावतीकडं गेली. हेमावतीचं आमच्या जिन्याखाली ब्यूटी पार्लर आहे आणि पेठेतल्या निम्म्या भुवया तिच्या हाताखालून गेल्यात. तिनं वत्सलेला एक नवीनच पावडर दिली. गालाला लावायची, किंचित लालसर, सुगंधी. यात केमिकल अजिबात नाही, सगळं खनिज आहे, थेट भूमातेच्या पोटातलं, असं सांगून दिली. मी सहज विचारलं, कुठलं खनिज. कपड्यात सुती किती आणि पॉलिस्टर किती हे विचारल्याशिवाय मी गंजीफ्रॉकसुद्धा घेत नाही. वत्सला आरशातनं माझ्याकडं बघत म्हणाली, ‘‘तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला मालातलं काही कळत नाही.’’

ती नळाच्या कामाला खाली गेल्यावर मी डबी हातात घेतली. माल ओळखायची आमची रीत सरळ आहे. एक धागा काढायचा, काडी लावायची. कागद जळल्याचा वास आला तर सुती, केस जळल्याचा आला तर रेशीम, आणि वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. या परीक्षेत आजवर भल्याभल्या गिरण्या उघड्या पडल्यात. मी चमच्यात चिमूटभर पावडर घेतली आणि खाली मेणबत्ती धरली. जळेना. वितळेना. अत्तराचा वास तेवढा भुर्रकन उडून गेला आणि पावडर तशीच बसून राहिली. चमचा काळा पडला, माझं बोट भाजलं, पण माल जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला असा माल भेटला ज्याला माझ्या काडीची भीती नव्हती. मी भाजलेलं बोट पिंपातल्या पाण्यात बुडवलं आणि त्याबद्दल नंतर वेगळी बोलणी खाल्ली.

मग धागे मोजायचं भिंग काढून मी डबीच्या बुडावरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचली. मायका. झिंक ऑक्साइड. टायटॅनियम डायऑक्साइड. आयर्न ऑक्साइड. वाचलं, पण कळलं काहीच नाही, म्हणून शेजारच्या शेषगिरींना हाक मारली. शेषगिरी रेल्वेतले निवृत्त गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून त्यांनी तीस वर्षं विचार केला होता, आणि आता निवृत्तीनंतर ते सगळे विचार आम्हाला ऐकवत होते. त्यांनी भिंग लावून बघितलं, ‘अय्यो’ म्हणाले, आणि खुर्ची ओढून घेतली. मायका म्हणजे अभ्रक. माझ्या दुकानातल्या इस्त्रीच्या पोटात असतो तोच, इथं चकाकायला घातलाय. झिंक ऑक्साइड म्हणजे सफेदा. टायटॅनियमचं विमान करतात आणि त्याचं ऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात. कशावरही थापलं तरी खालचं दिसत नाही. आणि आयर्न ऑक्साइड म्हणजे, राव, शुद्ध गंज. मालगाडीचे डबे लाल असतात ना, त्याच रंगानं. आमच्याकडच्या लाल फरशीतही तेच.

मी हळूच विचारलं की मग हे गालाला लावलं तर काय होतं. शेषगिरींनी छताकडं बघत विचार केला आणि म्हणाले की डब्यांना तरी अजून काही झालेलं नाही.

मला रात्रभर झोप नाही. बायकोच्या गालावर इस्त्री, विमान, भिंत आणि मालगाडी एकाच वेळी होती आणि ती शांतपणे घोरत होती. कोण किती टक्के, हे डबीवर लिहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात ताग्याच्या काठावर सगळं छापून येतं. मी ठरवलं की या मालाची रीतसर तपासणी करायची, आणि मग वत्सलेसमोर कागद ठेवून मालातलं कुणाला कळतं ते बघायचं. इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि आमची अब्रूही जागेवर राहिली असती.

तपासणीसाठी मला आठवला भीमसेन. हा वत्सलेचा धाकटा भाऊ. त्या वर्षांत बळ्ळारी-होसपेटकडची लाल माती परदेशी जायला लागली होती आणि आपल्याकडं ज्याला त्याला खनिजाचं वेड लागलं होतं. ओअर, म्हणजे ती लोखंडाची माती, भरलेल्या लॉऱ्यांची रांग रात्रंदिवस कारवारच्या दिशेनं चाललेली असायची. भीमसेननं आधी साबुदाण्याचा धंदा केला, मग मोबाइलची कव्हरं विकली, आणि आता तो लॉऱ्या लावून द्यायची दलाली करत होता. होसपेटला माती तपासून देणारी एक लॅब त्याच्या ओळखीची होती. मी डबीतली बरीचशी पावडर एका पुडीत बांधली आणि त्याला बोलावून घेतलं. पण पुडी देताना जीभ अडली. मेहुण्याला कसं सांगायचं, की बाबा रे, ही तुझ्या बहिणीच्या तोंडाची पावडर, जरा लोखंड किती ते बघून आण. जावयाच्या तोंडाला हे शोभतं का? म्हणून मी म्हणालो, की उणकलच्या साइटवरची माती आहे, बांधकामाआधी तपासलेली बरी.

भीमसेननं पुडी उघडून बघितली. उणकलची माती काळी आणि ही लाल कशी, असं त्याला वाटलं. मी सांगितलं की खालची आहे, खोलातली. मग त्यानं वास घेतला आणि म्हणाला, ‘‘दाजी, माती फार छान वासाची आहे.’’ मी म्हणालो, शेजारच्या साइटवर मोगरा आहे. एवढं थंडपणे खोटं मी गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाही.

चार-पाच दिवसांनी भीमसेन जिना चढून वर आला तो धापा टाकतच. दार लावून घेतलं, खिडकी लावली, आणि मला देवघरासमोर बसवलं. म्हणाला की दाजी, आपण तरलो. लोखंड आहे, तेही भरपूर. झिंक आहे. अभ्रक आहे. आणि टायटॅनियम आहे. लॅबवाल्याच्या म्हणे हातातनं चहा सांडला. एवढी सगळी खनिजं एका जागी त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती, आणि तीसुद्धा इतकी बारीक दळलेली. भूमातेनं स्वतःच दळून, चाळून ठेवलेली खाण, दाजी. मी म्हणालो, चूक झाली असेल. तो म्हणाला, चूक होऊ नये म्हणून मी सहा जणांना विचारून आलोय.

म्हणजे सहा जणांना कळलं होतं. हुबळीत सहा जणांना कळणं म्हणजे संध्याकाळच्या आत दुर्गदबैलापासून अमरगोळच्या मार्केट यार्डापर्यंत कळणं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात फॉल घ्यायला एकही बाई आली नाही, पण पुरुष खूप आले. मिरचीच्या अडत्यांनी मला अण्णा म्हणायला सुरुवात केली. ज्या बँकेनं घराच्या कर्जासाठी मला बाकावर बसवून ठेवलं होतं, तिथला माणूस पेढे घेऊन आला. एकानं पायाखाली लोखंड असलं की शनी बघावा लागतो असं सांगितलं, दुसऱ्यानं टायटॅनियमला कुठला ग्रह ते विचारलं. शेषगिरींना खरं ठाऊक होतं. मी त्यांना जिन्यात गाठून शपथ घातली. त्यांनी शपथ घेतली, पण जाताना म्हणाले, ‘‘तरी पण राव, साइटवर खरंच काही नसेल कशावरून?’’ ज्यांनी स्वतः भिंग लावून डबी वाचली होती त्यांच्यासुद्धा मनात खाण शिरली होती.

वत्सलेला मात्र काहीच नको होतं. ती प्रत्येकाला चहा द्यायची, पिंपातलं पाणी कमी होताना बघायची, आणि विचारायची की खाण असू दे, पण घराचं काय. उत्तर आलं ते बांधकाम परवान्याच्या ऑफिसातनं. आमची फाइल तयार होती, फक्त शिक्का राहिला होता. पण तिथल्या कारकुनानं मला आदरानं खुर्ची दिली आणि सांगितलं की तुमच्या जागेत खनिज निघाल्याचं ऐकलं, आता फाइल खाणींच्या खात्याकडं गेली. ते नाही म्हणेपर्यंत वीटसुद्धा ठेवायची नाही. मी म्हणालो खनिज नाही हो. तो हसला. म्हणाला, ज्यांच्याकडं असतं ते सगळे असंच म्हणतात. पुढच्या आठवड्यात आमच्या साइटवर सरकारी पाटी लागली: आत पाऊल टाकू नये. मी कायद्याला भिणारा माणूस, मी त्या बाजूला फिरकलोच नाही. भीमसेनच्या पँटला मात्र रोज गुडघ्यापर्यंत चिखल असायचा, आणि शेषगिरींच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या दिसायला लागल्या. विचारलं तर म्हणाले बागकाम केलं. शेषगिरी तिसऱ्या मजल्यावर राहतात.

अक्षय तृतीया दारात आली. सत्याप्पा मेस्त्री येऊन सांगून गेला की पाया खणायलाच त्याला आठवडा लागतो, आता वेळ गेली, तो गोव्याचं काम धरतोय. तो गेल्यावर वत्सला घागर हातात घेऊन उभी राहिली आणि एकाएकी रडायला लागली. मोठ्यानं नाही. घागर तशीच कमरेवर, आणि डोळ्यांतनं पाणी. ‘‘माझ्या नशिबात नळच आहे,’’ ती म्हणाली. मला लाज वाटली. मनापासून वाटली. बायको रडत होती आणि मी अजून मेहुण्यासमोर माझी शान राखत बसलो होतो. तिला तिथंच सगळं सांगावं असं वाटलं, पण तेवढ्यात खात्याचं बोलावणं आलं. उद्या सकाळी दोघांनी हजर व्हावं, साइट वत्सलाबाईंच्या नावावर आहे.

खात्याचे साहेब भूगर्भशास्त्र शिकलेले, धारवाडकडचे, शांत माणूस. खोलीत आम्ही दोघं, भागीदार म्हणून स्वतःहून आलेला भीमसेन, आणि साक्षीदार म्हणून स्वतःहून आलेले शेषगिरी. साहेब म्हणाले की होसपेटच्या लॅबचा कागद त्यांनी बघितला आणि त्यांना दोन रात्री झोप नाही. हुबळीच्या जमिनीत असं काही असायला नको. म्हणून वर्षभर सर्वेक्षण करावं लागेल. वर्षभर हा शब्द ऐकून वत्सलेनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी सोसलं असतं. तिनं नुसतंच बघितलं.

‘‘साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘तो नमुना जमिनीतला नाही. माझ्या बायकोच्या गालावरचा आहे.’’

भीमसेन उभा राहिला आणि पुन्हा बसला. साहेबांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, काडीपासून मोगऱ्यापर्यंत. शेषगिरींनी मान डोलावून दुजोरा दिला आणि मालगाडीचाही विषय काढला. साहेबांना मात्र हसू आलं नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या झोपेचं कोडं सुटलं होतं. ते भराभरा सांगायला लागले की बरोबर आहे, लाली लोखंडाची, चकाकी अभ्रकाची, झाकायला टायटॅनियम, झिंकही आलंच. लाली, पावडर, काजळ, जगात बायका जे जे लावतात ते सगळं थोडंफार आमच्याच खात्यातलं. मग त्यांना सरकार आठवलं आणि ते गंभीर झाले. म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण फाइलीचा नाही. नियमाप्रमाणं मूळ जागेवरचा नमुना अधिकाऱ्यासमोर, पंचांसमोर घ्यावा लागतो.

सगळ्यांनी वत्सलेकडं बघितलं. डबीत उरलं होतं ते ती त्या सकाळी लावूनच आली होती. साहेबांसमोर जायचं म्हणून.

तिनं विचारलं की हे केल्यावर कागद आजच्या आज मिळेल का. साहेब म्हणाले, मिळेल. यंत्र शेजारच्याच खोलीत आहे. वत्सलेनं पदर सावरला, खुर्ची उजेडाकडं सरकवली आणि डावा गाल पुढं केला. ‘‘जमिनीखालचं सरकारचं असेल,’’ ती म्हणाली, ‘‘गालावरचं माझं आहे. पण घ्या.’’

अशा रीतीनं, भर ऑफिसात, सरकारी कर्मचाऱ्यानं ओल्या कापसानं माझ्या बायकोच्या गालाचा नमुना घेतला. कापूस पाकिटात घातला. पाकिटाला लाख लावून शिक्का मारला. पंच म्हणून शेषगिरींनी पट्ट्या बांधलेल्या हातानं सही केली, आणि भीमसेननं अंगठा द्यायचा की सही हे विचारून सही केली. कागदावर स्थळ या शब्दापुढं ‘डावा गाल’ असं लिहिलं, आणि खोली या शब्दापुढं ‘वरचा थर’. चतुःसीमा लिहिताना कारकून अडला. साहेबांनी क्षणभर विचार करून सांगितलं: पूर्वेस नाक, पश्चिमेस कान. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या संसाराचा नकाशा काढला जात होता आणि मी मालक म्हणून कुठंच नव्हतो.

संध्याकाळी कागद मिळाला. जागेत कसलंही उपयोगी खनिज नाही, बांधकामास हरकत नाही. जमीन कुचकामी असल्याचा दाखला छातीशी धरून आम्ही घरी आलो. पण अक्षय तृतीया दुसऱ्याच दिवशी होती आणि पाया खणायला लागतो आठवडा. वत्सला म्हणाली, निदान नारळ तरी फोडून येऊ. सत्याप्पालाही बोलावलं, त्याला दिलेला विसार परत घ्यायला.

सकाळी साइटवर पोचलो आणि मला वाटलं आपण चुकून दुसरीकडंच आलो. सरकारी पाटी जागेवर होती. तिच्या पाठीमागं सगळी साइट खणलेली होती. सत्याप्पा कमरेवर हात ठेवून एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेला, वाकून बघितलं, पावलांनी मोजलं, आणि बसून हसायलाच लागला. पाटी लागायच्या आधी तो येऊन पायाच्या चुन्याच्या रेघा मारून गेला होता. अख्ख्या हुबळीनं त्या रेघा सरकारी खुणा समजून बरोबर त्यांच्यावरच खणलं होतं. सरळ, काटकोनात, कमरेएवढं खोल, आणि फुकट. हॉल झाला होता, स्वयंपाकघर झालं होतं, देवघराचा कोपरासुद्धा कुणीतरी नीट धरला होता. त्याच्या माणसांना एवढं सरळ जमत नाही, असं सत्याप्पा म्हणाला. कुदळींच्या मालकांपैकी दोघं पाटीमागं उभे होते. एकाच्या तळहातांना पट्ट्या होत्या.

पूजा झाली. पहिला दगड बसला. वत्सलेनं तोंडाला काहीच लावलं नव्हतं आणि फोटोत ती हसलेली आली. मला रडू फुटलं, ते मी नारळाच्या पाण्यावर ढकललं. मग ती कोपऱ्यातल्या एका खड्ड्याजवळ गेली. हा रेघेबाहेरचा, सगळ्यात खोल, पुरुषभर. टायटॅनियम जड असतं, तळाला बसणार, या हिशोबानं भीमसेननं तो एकट्यानं खणला होता. वत्सलेनं वाकून आत बघितलं आणि सत्याप्पाला सांगितलं की हा बुजवायचा नाही, इथं पाण्याची टाकी करायची, महिनाभर नळाकडं बघायला लागू नये एवढी मोठी.

भीमसेन खड्ड्याच्या काठाशी मान खाली घालून उभा होता. त्यानं मला हळूच विचारलं, ‘‘दाजी, खरं सांगा. सगळं गालावरचंच होतं ना? खाली काहीच नाही?’’

मी तोंड उघडायच्या आत वत्सलेनं त्याच्या हातात फावडं दिलं.

‘‘खणल्याशिवाय कसं कळणार,’’ ती म्हणाली.

तो लगेच खाली उतरला.